मधली खुर्ची

बायकोचं कपाट गेलं आणि माझा आवाज बिघडला. सांगितलं तर लोक हसतील, पण खरंच. सहा फुटी कपाट, आत ठासून भरलेले, घुमणारा आवाज शोषून घेणारे कपडे. गेल्या रविवारी तिचा भाऊ ते घेऊन गेला आणि तेव्हापासून कॉम्प्युटरवर काहीही लावा, खर्ज रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा खोलीभर घुमतोय.

आज ती उरलंसुरलं न्यायला आली. शिलाई मशीन, दोन पिशव्या, संपलं. भाऊ खाली गाडीत थांबला होता.

"दहा मिनिटं बस ना," मी म्हटलं. "सबवूफर परत जुळवायचाय. एकट्याने होत नाही."

"घर सोडून चाललेय मी, आणि तुला तुझा डबा सुचतोय? धन्य आहेस बाबा!"

डबा कसला सुचतोय! मला तिला थांबवायचं होतं. 'जाऊ नकोस' एवढंच म्हणायचं होतं आणि ते काही केल्या तोंडातून फुटत नव्हतं. वाटलं, एकदा खुर्चीत टेकली की जमेल.

ती टेकली.

काम मात्र खरंच दोघांचं आहे. टेबलावर दोन स्पीकर, खाली जमिनीवर खर्ज देणारा सबवूफर. त्याच्या पाठीला एक बटण. ते एकीकडे असलं की खालचा आवाज वरच्या दोघांना साथ देतो, दुसरीकडे असलं की एकमेकांचे पाय ओढतात आणि खर्ज पातळ होतो. एकाने टेबलाखाली घुसून बटण फिरवायचं, दुसऱ्याने ऐकून सांगायचं. अकरा वर्षं, तीन घरं, टेबलाखाली मी आणि खोलीच्या बरोब्बर मधोमध, लाकडी खुर्चीत ती. जागा मीच टेप लावून ठरवायचो. "कान असावा तर माझ्या बायकोसारखा," असं मी ज्याला त्याला सांगत फिरायचो.

गाणं लावून मी खाली शिरलो.

"आता?"

"हं."

"आणि आता?"

"हं, बरोबर."

"अगं, नीट सांग ना! उगाच हं हं काय?"

ती शांतपणे म्हणाली, "खरं सांगू? मला कधीच फरक कळला नाही."

मी टेबलाखालूनच विचारलं, "मग इतकी वर्षं काय सांगत होतीस?"

"तुझे पाय दिसतात इथून. कंटाळलास की अंगठे हलवतोस. ते हलले की मी 'बरोबर' म्हणायचे. एकदा म्हटलंही होतं तुला, की इथे काही ऐकूच येत नाही. तू म्हणालास, लक्ष दे, येईल."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे अकरा वर्षं थापा मारल्यास!"

हे बरं फुटलं तोंडातून. विनासायास.

खालून हॉर्न वाजला. तिने किल्ली टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "रक्तदाबाची गोळी विसरू नकोस," म्हणाली, आणि मशीन उचलून गेली. 'मी घेतो, जड आहे,' एवढंही मला म्हणता आलं नाही.

गाणं चालूच होतं. मी गुडघे झाडत बाहेर आलो आणि तणतणत त्या खुर्चीत बसलो. तिची थाप पकडायला.

गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ. खर्ज नाही. उठून बटण फिरवलं, परत येऊन बसलो. नाही. पुढे वाकलो तर आला, पाठ टेकली की पुन्हा गायब. खोलीच्या मधोमध अशी मेलेली जागा असते. तिथे भिंतींवरून उलटून आलेला खर्ज स्वतःलाच खाऊन टाकतो. हे मला पाठ होतं, लोकांना मी फुकट शिकवायचो. आणि तरी तिला दर वेळी तिथेच बसवलं, स्वतः एकदाही बसून पाहिलं नाही.

मी खिडकीकडे धावलो. गाडी कोपऱ्यावर वळत होती.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. चांगलं मोठ्याने, स्पष्ट म्हटलं.