धामणदऱ्याच्या टेकडीवर चढलेले बिनतारी यंत्र

वाचक बंधुभगिनींनो, यापुढील ओळींत मी एक बिनतारी संदेश यंत्र, एक मोडलेली जीपगाडी आणि सव्वाशे माणसांनी मिळून वाचविलेला एक प्राण यांची हकीकत यथामति निवेदन करणार आहे. माझे शिक्षण मराठी चौथ्या इयत्तेपर्यंतच झाले असून पुढील जे काही आहे ते वाचनालयातून आणलेल्या ग्रंथांचे ऋण होय. भाषेत काही उणे दिसल्यास ते माझे समजावे. हकीकतीत उणे नाही.

सन एकोणीसशे त्र्याहत्तरच्या फाल्गुन महिन्यातील ही गोष्ट. दुष्काळाचे ते दुसरे वर्ष होते. जामखेडास आमच्या मदत केंद्रात मी जीपचालक या पदावर होतो. ज्या दुष्काळी कामांवर रस्ता जात नाही तेथे औषधे व सुकडीचा कोरडा पौष्टिक खाऊ पोहोचविणे हे माझे कर्तव्य. केंद्रास सरकारी परवान्याने दोन बिनतारी यंत्रे मिळाली होती. त्यांपैकी एक केंद्रातील टेबलावर असे व दुसरे माझ्या जीपमध्ये पट्ट्यांनी बांधलेले असे. संपूर्ण तालुक्यातील चालकांमध्ये असे यंत्र एकट्या माझ्याच ताब्यात होते, हे मी येथे अभिमानाने नमूद करतो.

टेबलावरील यंत्रापाशी हवालदार फक्रुद्दीनभाई बसत. फौजेत त्यांनी अठरा वर्षे संदेशाचेच काम केलेले. पहिल्या दिवशी मी वेशीबाहेर जाऊन बटण दाबले व घरच्या रीतीप्रमाणे बोललो, "राम राम फक्रुद्दीनभाई. घरी समदं कुशल हाय ना? पोरंबाळं?"

तिकडून आवाज आला, "नाथा, मी तुझा व्याही हाय का रे? कुशल नसतं तर हितं बसलो असतो व्हय? आधी जागा सांग. मग काय झालं ते. मग काय पाहिजे ते. मग बटण सोड. मी परत म्हणून दाखवीन, ते ऐकूनच यंत्र सोड. राम राम घरी आल्यावर कर."

तेव्हापासून मी यंत्रावर राम राम उच्चारला नाही.

त्या दिवशी मला धामणदऱ्याच्या पाझर तलावाच्या कामावर जावयाचे होते. निघताना हवालदार म्हणाले होते, "ओढ्याच्या पात्रातनं जा. लांब पडंल, पण वाळू हाय. खडकावरनं जाऊ नको." परंतु खडकावरून गेल्यास दोन मैल वाचतात, आणि माझ्या हातास गाडीची चांगली सवय आहे असा माझा समज होता. कामाच्या ठिकाणापासून हाकेच्या अंतरावर असताना मागील आक्सल मोठा आवाज करून तुटला. मी लोकांकरवी गाडी ढकलीत नेऊन बांधापाशी उभी केली. लज्जेपोटी हवालदारांस काहीच कळविले नाही. ही माझी पहिली चूक नसून दुसरी होय.

अकराच्या सुमारास माती खोदण्याच्या जागी कडा ढासळला. त्याखाली लंकाबाई नावाची पंचविशीतील स्त्री सापडली. लोकांनी हातांनी माती उकरून तिला बाहेर काढले. तिची मांडी दगडाने फाटली होती व रक्त थांबत नव्हते. तिची सासू रंगुबाई तिचे डोके मांडीवर घेऊन बसली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "डायव्हर, गाडी काढ की! बघतोस काय?"

"मावशी, गाडी तुटलीया."

"मंग कशापायी आणलीस ती? सुकडी खायाला?"

गावात एकही बैलगाडी जुंपता येण्याजोगी नव्हती, कारण सर्व बैल चाऱ्याच्या छावणीत गेले होते. जामखेड अकरा मैल. बाजेवर घालून न्यावयाचे तर तिन्हीसांजा झाल्या असत्या, आणि लंकाबाईचा चेहरा तर आताच पांढरा पडत चालला होता.

मी यंत्राचे बटण दाबले. नुसती खरखर. दरीतून यंत्राचा आवाज बाहेर जात नाही हे मी जाणून होतो. त्यास उंच जागा लागते. समोर टेकडी उभी होती, चढ उभा व मुरमाड. एकट्याने यंत्र, एरियलची काठी व बॅटरी वर नेणे अशक्य. शिवाय बॅटरीत तेजाब असते, ती कलंडली तर सर्वच संपले.

कामावरील मुकादम भिमाजी कमरेवर हात ठेवून टेकडीकडे पाहात होते. ते म्हणाले, "बांधावर माती कशी चढवता रं? एकट्यानं चढवता का?" मग मोठ्याने ओरडले, "लाईन धरा! माथ्यापातूर!"

वाचकहो, ज्यांनी दुष्काळी काम पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांध उंच झाला की माणसे चढावर रांगेत उभी राहतात व मातीने भरलेले घमेले हातोहात वर जाते. देणारा म्हणतो, "धर." घेणाऱ्याने "धरलं" म्हटल्यावाचून देणारा हात काढीत नाही. असे दिवसातून हजारदा होते व त्यात कोणी चुकत नाही.

दहा मिनिटांत पायथ्यापासून माथ्यापर्यंत रांग लागली. मी बॅटरी घमेल्यात ठेवून खाली चुंबळ दिली.

"धर."

"धरलं."

"सांभाळ गं, इस्तू हाय त्यात पान्यासारका."

"माझ्या नवऱ्यापरीस गरम हाय का?"

"तू धर आधी!"

अशा वेळीही माणसे बोलत होती. बोलता बोलता हात मात्र ताठ होते. बॅटरी वर पोहोचली तेव्हा तेजाबाचा एक थेंबही सांडला नव्हता. तिच्या मागून यंत्र आले. मी एरियलची काठी घेऊन धापा टाकीत माथ्यावर पोहोचलो, तारा जोडल्या व बटण दाबले.

"धामणदरा. बाईच्या मांडीला मोठी जखम, रक्त थांबत नाही. डॉक्टर व गाडी पाहिजे."

क्षणभर खरखर झाली. मग तो ओळखीचा आवाज. "धामणदरा. मांडीला जखम, रक्त. डॉक्टर आन गाडी. बरुबर. तुझी गाडी कुठं हाय?"

"तुटली. खडकावरून आणली. चूक माझी."

"चुकीचं मागनं बगू. बाई बोलती का?"

मी खाली हाक दिली, "बाई बोलती का?" तो प्रश्न रांगेतून खाली जाऊ लागला. प्रत्येक जण ऐके, मागे वळून "धरलं" म्हणे व तोच प्रश्न पुढच्यास देई. हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. घमेल्याची जी रीत तीच त्यांनी शब्दासही लावली. उत्तर वर आले, "बोलती. पानी मागती."

मग डॉक्टर यंत्रावर आले. त्यांनी सांगितले ते मी एकेक वाक्य करून खाली सोडले. स्वच्छ फडके जखमेवर दाबून ठेवा. भिजले तरी काढू नका, वरून दुसरे ठेवा. पाय उंच ठेवा. दाबलेला हात क्षणभरही सोडू नका. पाणी पिण्यास देऊ नका, ओठ तेवढे ओले करा. खालून रंगुबाईचे उत्तर चढत आले, "आपल्या लुगड्याचा धडपा फाडला. दाबला हाय. हात सोडत न्हाई म्हनावं."

शेवटचा प्रश्न हवालदारांचा होता. "नाथा, दुसऱ्या गाडीचा चालक नवा हाय. ओढ्याला तीन फाटे फुटत्यात. तो चुकला तर घंटाभर जाईल. खूण सांग."

मी चारी दिशांस पाहिले. दुष्काळाने झाडे वाळून सारखीच दिसत होती. मळ्यांची नावे नव्या माणसास काय उपयोगाची? खाली मात्र रांग उभी होती आणि कित्येकांच्या हातांत मातीने घासून घासून लखलखीत झालेली रिकामी घमेली होती.

मी बटण दाबले. "ओढ्याच्या प्रत्येक वळणावर माणूस उभा करतो. डोक्यावर घमेले उन्हात चमकेल. घमेले दिसेल तिकडे गाडी वळवा."

"घमेलं दिसंल तिकडं गाडी," हवालदार म्हणाले. "बरुबर."

भिमाजींनी आरोळी दिली. टेकडीवरील रांग उतरली व ओढ्याच्या पात्रातून गाडीरस्त्यापर्यंत पसरत गेली. मी वरून पाहात होतो. एकामागून एक, दोन मैलांपर्यंत, ऊन परत फेकणारी ती घमेली. त्या दृश्यास योग्य शब्द माझ्या चौथीच्या विद्येत नाहीत व वाचलेल्या ग्रंथांतही मला सापडले नाहीत.

एक तास दहा मिनिटांनी धूळ दिसली. गाडी एकाही फाट्यावर थांबली नाही. खाली काय झाले ते भिमाजींनी मला मागाहून सांगितले. डॉक्टरांनी उतरताच रंगुबाईचा हात हलके बाजूस केला. तो हात आखडून गेला होता, तिला स्वतःला उघडता येईना. डॉक्टर म्हणाले, "आजी, हिला तुम्ही धरून ठेवलंत."

"धरलंच की," रंगुबाई म्हणाली, "सोडा म्हनलं कुनी हुतं?"

गाडी लंकाबाईस घेऊन गेली. जागा नसल्याने रंगुबाई मागेच राहिली. मी टेकडीवर यंत्रापाशीच बसून राहिलो. खाली माणसे पुन्हा मातीच्या कामास लागली होती. तिसऱ्या प्रहरी यंत्र खरखरले.

"जामखेड बोलतंय. बाईला टाके घातले. रक्त थांबलं. पाय राहील, थोडी लंगडंल. ऐकलंस?"

"बाईला टाके. रक्त थांबलं. पाय राहील," मी परत म्हटले, आणि माथ्यावरूनच दोन्ही हातांचा कर्णा करून खाली हाक दिली. या वेळी रांग नव्हती, तरी तो शब्द तळापर्यंत पोहोचला. कारण खालून रंगुबाईचा आवाज आला, "धरलं रं बाबा, धरलं!"

मी आक्सलविषयी बोलण्यास तोंड उघडले. परंतु हवालदारांनी मला बोलू दिले नाही.

"राम राम, नाथा," यंत्रातून शब्द आले. "घरी समदं कुशल?"

पुढे त्या आक्सलबद्दल मला त्यांच्याकडून बोलणी खावी लागलीच, आणि ती योग्यच होती. त्या दिवसापासून मी खडकावरून गाडी घातली नाही. लंकाबाई चैत्रात काठी टेकीत तलावावर आली व रांगेत उभी राहिली. घमेले तिच्या हाती आले तेव्हा देणाऱ्याने तिचा "धरलं" हा शब्द ऐकूनच हात काढला.

ही हकीकत ज्यांनी शेवटपर्यंत वाचली त्या सर्व वाचकांचा मी मनापासून आभारी आहे. आपण ती धरली असे समजून मी आता हात काढतो.

आपला नम्र,
गहिनीनाथ आसाराम मुरुमकर, जीपचालक, जामखेड