अझानच्या वेळी बंद झालेले चारशे रेडिओ

शनिवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. डोंगरातल्या ताझुम्त गावाच्या कोरड्या नदीपात्रात जत्रेचे चारशे तंबू होते. काठावरच्या शाळेच्या खोलीत मी चालू होतो. मी एक रेडिओ ट्रान्समीटर, वीस वॉटचा.

बासू दुरुस्तीवाल्याने मला दोन मोडक्या यंत्रांतून जोडलं. जत्रेच्या तीन दिवसांपुरती परवानगी होती. हरवलेली मुलं, खेचरांचा बाजार, लग्नांच्या घोषणा, एवढंच बोलायचं. तेही आधी लिहून, सरकारी कचेरीचा शिक्का घेऊन. माणसांना स्वतःच्या आवाजाची इतकी भीती का वाटते, हे मला अजून उमगलेलं नाही.

माइकवर इट्टो बसायची, शाळेतली मास्तरीण. तिची आई पात्राच्या मधोमध भाकऱ्या भाजत होती.

तेवढ्यात इट्टोचा फोन वाजला. वरच्या खोऱ्यात मेंढ्या राखणारा तिचा मामा ओरडत होता, "पोरी, पाणी सुटलंय! मेंढ्यांचा वाडा गेला माझा! अर्ध्या तासात तुमच्याकडे पोचेल!"

आमच्यावरचं आभाळ निरभ्र होतं.

"शिक्का नाही, बाई," बासू पुटपुटला.

"पाण्याला दाखवतोस का शिक्का? सरक!"

इट्टो बोलू लागली आणि त्याच क्षणी मशिदीतून अझान सुरू झाली. ताझुम्तला अझान कानावर आली की हात आपोआप रेडिओच्या बटणाकडे जातो. खिडकीसमोरच्या चहावाल्या उदादकाकांनी रेडिओ बंद केला. पलीकडच्या तंबूने केला, त्याच्या पलीकडच्यानेही. मी जीव तोडून ओरडत होतो आणि ऐकायला कुणी नव्हतं.

इट्टोला ते दिसलं. माइक टाकून ती शेजारच्या मशिदीकडे धावली.

अझान मध्येच तुटली. असं आजवर कधी घडलं नव्हतं. मग भोंग्यावर अझान देणाऱ्या म्हाताऱ्या हम्मूकाकांचा आवाज आला, "काठावर चढा! पाणी येतंय! सामान सोडा!"

"हम्मूला ऊन लागलं वाटतं!" उदादकाका हसले. "जरा पुदिना पाठवा रे त्याला!"

पण काय झालं हे कळावं म्हणून लोकांनी रेडिओ पुन्हा लावले. तेव्हा ज्या बासूला शिक्क्याची धास्ती होती, त्यानेच माइक ओढला. "ऊन नाही लागलं, काका, शुद्धीवर आहेत ते! पूर्वेच्या काठावर चढा. पुलावर जाऊ नका. खेचरं सोडून द्या!"

पाणी दिसेपर्यंत तो तेच बोलत राहिला. त्याचा घसा बसला, माझी बॅटरी गरम झाली. इट्टोची आई भाकऱ्यांची परात डोक्यावर घेऊन चढू लागली. पोरीने धावत जाऊन ती हिसकावून फेकली.

चार चाळीसला पाणी आलं. चारशे तंबूंतला एकही उरला नाही. माणसं वर होती, तिघं सोडून. खेचरांचे दोन व्यापारी, आणि किटली आणायला परत उतरलेले उदादकाका.

आता मी कचेरीच्या कोठारात आहे, अंगावर लाखेचा शिक्का घेऊन. गुन्हा: विनापरवाना मजकूर. पलीकडच्या खोलीत चौकशी चालते. पहिली घोषणा कुणी केली, अझान कुणी तोडली, हे तीनदा विचारून झालं. इट्टोने तिन्ही वेळा आपलंच नाव सांगितलं.

मग तिने वरच्या खोऱ्यातल्या, नदीच्या पाण्यावर नजर ठेवणाऱ्या पाणीचौकीची वही टेबलावर ठेवली. तिच्यात नोंद होती: चौकीदाराने त्या शनिवारी तीन वाजून पाच मिनिटांनी याच कचेरीत फोन केला होता. तो उचलला गेला. पलीकडून कुणीतरी "बरं" म्हणालं आणि फोन ठेवून दिला.

तो फोन कुणी उचलला, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.