चांदीसकट साडेतीन किलो

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. वाण्याच्या दुकानातला नव्हे आणि कोळशाच्या वखारीतला तर मुळीच नव्हे. मी बाळांचा काटा. माझ्या डोक्यावर पांढऱ्या इनॅमलची, होडीच्या आकाराची परात आहे. तिच्याखाली पितळी दांडी आणि दांडीवर पुढे-मागे सरकणारा एक छोटा बाट, म्हणजे वजनाचा ठोकळा. आता परातीचं इनॅमल कडेनं उडालं आहे, बाटावर गंज चढला आहे, आणि नागपूरच्या एका प्रसूती केंद्राच्या कोठीत मी फिनेलच्या डब्यांशेजारी उभा आहे. कोणी विचारत नाही, त्याचं फारसं वाईट वाटत नाही. पण एक चूक माझ्या पोटात फार वर्षं सलते आहे. ती आज तुम्हाला सांगून टाकतो.

माझा जन्म कारखान्यातला. लाकडी पेटीत, तणसाच्या गादीवर बसून मी मालगाडीनं नागपूरला आलो. ते साल होतं एकोणीसशे बासष्ट. केंद्राचे शिपाई नत्थूजी यांनी पेटी उघडली, मला पुसलं, तेल दिलं आणि समोरच्या दुकानातून दोन किलोचं माप आणून परातीत ठेवलं. दांडी बरोबर दोनावर सरळ झाली.

"बिलकुल बरोबर आहे जी," नत्थूजी म्हणाले. "हा काटा खोटं बोलणार नाई."

हे वाक्य मी ऐकलं आणि माझ्या डोक्यात हवा गेली ती कायमची. पुढे चौदा वर्षं कितीतरी बाळं माझ्या परातीत निजली. कोणी किंचाळली, कोणी मला ओलं केलं, एकानं तर मुठीत दांडीच धरून ठेवली. मी सगळ्यांचं अचूक वजन सांगितलं. बायका मला हात लावून पाया पडायच्या. मला वाटायचं, या खोलीत सगळ्यात शहाणा मीच.

शहात्तर सालच्या श्रावणात गोपिका पहिल्यांदा केंद्रात आली. माहेर खाप्याचं, सासर नागपूरचं. नवरा ताराचंद हिंगण्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. तिला पाचवा महिना होता. तपासणी झाली तरी ती जाईना. माझ्याजवळ येऊन तिनं रिकाम्या परातीत हात ठेवला.

"काय करून राहिली वं?" नर्स वच्छलाबाईंनी विचारलं.

"बाई, इथंच ठेवाल ना त्याले?"

"ठेवीन ना. पयले होऊ तर दे."

मग गोपिकेनं हळू आवाजात सांगितलं. तिचं पहिलं मूल खाप्याला झालं आणि आठव्या दिवशी गेलं. ते किती लहान होतं, किती वाळत गेलं, कोणालाच कळलं नाही, कारण त्याचं वजन कोणी केलंच नव्हतं. "या वेळी मले समजलं पाहिजे बाई," ती म्हणाली. "आधीच समजलं पाहिजे."

मी मनात म्हटलं, पोरी, घाबरू नको. मी आहे ना!

मार्गशीर्षातल्या एका पहाटे तिला मुलगा झाला, आमच्याच केंद्रात. वच्छलाबाईंनी त्याला पुसून उघडाच माझ्यावर ठेवला. दोन किलो आठशे. बेताचं, पण चांगलं वजन. बाईंनी ते कार्डावर लिहिलं आणि बाळ आईजवळ दिलं. गोपिकेनं त्याला छातीशी धरायच्या आधी दोन्ही तळहातांवर घेतलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मला थोडा रागच आला. आम्ही वजन सांगितलं असताना ही पुन्हा कशाला तोलते?

तिसऱ्या दिवशी ती घरी गेली. त्यांच्या घरी रीत अशी की बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही. त्यामुळे विसाव्या दिवशी बाळाला घेऊन आली ती गोपिकेची सासू, रुखमाबाई.

रुखमाबाईंचा वजनावर विश्वास नव्हता, उलट भीती होती. लेकरू काट्यावर घातलं की त्याला नजर लागते, असं त्या म्हणायच्या. पण केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी ताकीद दिली होती म्हणून नाइलाजानं आल्या. बाळाच्या कमरेला चांदीचा करदोटा होता आणि पायांत मामानं बारशाला घातलेले जाड वाळे. अंगात झबलं, वर दुपटं.

"कपडे काढा, आजी. आणि ही चांदीही," वच्छलाबाई म्हणाल्या.

"चांदीले हात नका लावू बाई!" रुखमाबाईंनी बाळ छातीशी आवळलं. "पयलं गेलं तवा नवस बोलली मी. जावळ होईपर्यंत अंगावरून उतरवाचं नाई. आन् एवढ्या थंडीत उघडं करता काहून?"

बाहेर पंधरा बायका रांगेत होत्या. दोन पोरं खोकत होती, एक पंख्याच्या बटणाशी खेळत होतं. बाईंनी उसासा टाकला आणि म्हणाल्या, "ठेवा तसंच." मी सांगितलं, तीन किलो दीडशे. बाईंनी लिहिलं. रुखमाबाईंचा चेहरा खुलला. साडेतीनशे ग्रॅमनं नातू वाढला होता!

तिसाव्या दिवशी त्या पुन्हा आल्या, या वेळी आपण होऊन. पौषाची थंडी कडाक्याची होती. बाळाच्या अंगात आता लोकरीचा स्वेटर होता, डोक्याला कुंची, दोन दुपटी, आणि हातांत आत्यानं दिलेली चांदीची कडी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसलाच प्रकार. पण मला त्याचं काय? जे परातीत पडलं ते मी तोललं. साडेतीन किलो!

"पाहा, काटा खोटं बोलत नाई," रुखमाबाई शेजारच्या बाईला म्हणाल्या. "आन् माही सून! रोज रडून राहिली. म्हणते, आत्याबाई, लेकरू हाताले हलकं लागते. पयलं गेल्यापासून भेवच बसलं तिच्या मनात. मी म्हटलं, काटा मोठा का तू मोठी?"

"दूध पुरते ना तिले?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"पुरते. पोरगं तर असं गुणी आहे बाई, रडतच नाई. दिवसभर झोपून राहते."

मित्रांनो, त्या क्षणी माझी दांडी अगदी ऐटीत सरळ उभी होती. एक महिन्याचं बाळ दिवसभर रडत नाही, हे ऐकून कोणाच्याही काळजात धस्स व्हायला हवं होतं. वच्छलाबाईंचं लक्ष पुढच्या बाळाकडे गेलं होतं, आणि माझं स्वतःच्या कौतुकाकडे. रुखमाबाईंनी त्या दिवशी अर्ध्या गल्लीला पेढे वाटले. घरात बसलेल्या गोपिकेला माझंच नाव सांगून सगळ्यांनी गप्प केलं. नवराही म्हणाला असेल, काटा सांगतो ना, मग झालं. जिनं माझ्यावर भरवसा टाकला होता, तिचंच तोंड बंद करायला मी कामी आलो.

चौतिसाव्या दिवशी सकाळी केंद्राचं दार उघडलं आणि गोपिका आत आली. एकटी. सव्वा महिना अजून संपायचा होता. सासू चक्कीवर दळण घेऊन गेली तेवढ्या वेळात ती बाळाला पदराखाली घेऊन चालत आली होती. कान फडक्यानं बांधलेले, ओठ सुकून फाटलेले. डोळ्यांखाली इतकं काळं झालं होतं की मी क्षणभर ओळखलंच नाही.

"गोपिका! घरी सांगून आली का?" वच्छलाबाई उठल्या.

ती सरळ टेबलाशी गेली. बाळाला टेबलावरच्या गादीवर ठेवून ती त्याचे कपडे काढू लागली. कुंची माझ्या परातीत पडली. मग स्वेटर. दुपटी. झबलं. मग तिनं वाळे काढले, एकेक करून. कडी काढली. करदोट्याची गाठ सुटेना, तेव्हा ती दातांनी सोडवली. सगळं माझ्या परातीत टाकून ती म्हणाली, "बाई, आधी हे मोजा."

मी सांगितलं, साडेसातशे ग्रॅम.

"आता याले."

परात रिकामी झाली आणि त्यात ते उघडं बाळ आलं. मला ते ओळखू येईना. मांड्यांची कातडी सैल लोंबत होती, बरगड्या मोजता येत होत्या. ते रडलं नाही. परातीच्या गार पत्र्यावर टेकलं तरी रडलं नाही. बाईंनी बाट मागे सरकवला, आणखी मागे सरकवला. दांडी सरळ झाली तेव्हा आकडा होता दोन किलो साडेसातशे.

जन्माला आला त्यापेक्षा पन्नास ग्रॅम कमी. चौतीस दिवसांत ते लेकरू वाढलं नव्हतंच, उलट घटलं होतं. वाढली होती ती चांदी आणि लोकर.

वच्छलाबाई खाली बसल्या. "माह्याच हातानं लिहिलं मी," त्या कार्डाकडे पाहत म्हणाल्या. "साडेतीन."

तेवढ्यात रुखमाबाई धापा टाकत आत आल्या. कपाळावर पीठ होतं, दळणाचा डबा तसाच काखेत. "कुठं निघाली वं तू? विटाळशी बाई, थंडीत लेकराले..." आणि त्यांची नजर परातीकडे गेली. उघड्या नातवाकडे. टेबलावर पडलेल्या करदोट्याकडे.

"आत्याबाई," गोपिका म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पयलंही असंच हलकं झालं होतं. मी सांगत होती तवाही कोणी ऐकलं नाई."

रुखमाबाईंनी डबा खाली ठेवला. आकड्याचं त्यांना काही समजत नव्हतं, पण नातवाच्या मांडीला हात लावला तेव्हा सगळं समजलं. इतके दिवस बाळाची मालिश करायला अंजनाबाई नावाची बाई घरी यायची. रुखमाबाईंनी बाळ घेतलं ते नेहमी गुंडाळलेलं. "मी चांदी मोजत होती," त्या पुटपुटल्या. "मी लेकरू नाई, चांदी मोजत होती बापा." आणि त्या मोठ्यानं रडल्या. खरं सांगतो, त्यांचा राग मला तेव्हाही आला नाही. नातू जगावा म्हणूनच त्यांनी ती चांदी त्याच्या अंगावर घातली होती.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तपासलं. बाळाला आजार नव्हता. उपास घडत होता. गोपिकेला दिवसातून दोन फुलपात्रं पाणी मिळत होतं, कारण बाळंतिणीनं जास्त पाणी प्यायलं तर पोट सुटतं, अशी त्या घरची समजूत. भाजी बंद, ताक बंद, कोरडी पोळी तेवढी चालू. दूध आटत गेलं, आणि भुकेनं दमलेलं बाळ मागायचंच विसरलं. त्या गुणीपणाचं घरात कौतुक चाललं होतं.

"तहान लागली की पाणी. पोटभर जेवण. आणि झोपला असला तरी दर दोन तासांनी उठवून पाजायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आठ दिवस मी काही सांगू शकत नाही."

ते आठ दिवस मला कसे गेले, ते लोखंडाला कसं सांगता येईल? सकाळी दार वाजलं की वाटायचं, आज ती रिकाम्या हातानं येईल. ती रोज आली. बरोबर रुखमाबाई, हातात पाण्याचा तांब्या. गल्लीतल्या बायका नावं ठेवत होत्या, तरी त्या दोघी आल्या. पहिले चार दिवस आकडा हललाच नाही. पाचव्या दिवशी वीस ग्रॅम वाढले. मग जुलाब झाले आणि तेही गेले. नवव्या दिवशी मी दोन किलो आठशे तीस सांगितलं, आणि त्याच दिवशी पत्रा गार लागला म्हणून तो मुलगा माझ्या परातीत भोकाड पसरून रडला. वच्छलाबाई, रुखमाबाई, गोपिका, तिघीही त्याच्याबरोबर रडायला लागल्या. नत्थूजी दारातून विचारत होते, "काय झालं जी, काय झालं?"

करदोटा त्यानंतर रुखमाबाईंच्या मुठीत असायचा. वजन होईपर्यंत मुठीत, मग पुन्हा कमरेला. तेवढ्यानं नवस मोडत नाही असं त्यांनीच ठरवलं, आणि वजनही बिघडलं नाही.

वच्छलाबाईंनी मात्र एक काम केलं. कार्डावर तारीख आणि वजन अशा दोनच रकान्यांची सोय होती. त्यांनी निळ्या पेन्सिलीनं प्रत्येक कार्डावर तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'आईचा हात'. बाळाला माझ्यावर ठेवायच्या आधी त्या आईला विचारायच्या, "तुह्या हाताले कसं लागते वं?" ती म्हणेल ते लिहायच्या. जड, हलकं, तेवढंच. माझा आकडा आणि आईचा हात जुळला नाही, की बाळाचे कपडे पुन्हा तपासायच्या. कधी त्यात ताईत निघायचा, कधी नजर लागू नये म्हणून दुपट्यात गुंडाळलेला अडकित्ता. आणि कधी काहीच निघायचं नाही, तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंना बोलवायच्या.

दहा वर्षं तो रकाना चालला. मग वच्छलाबाई निवृत्त झाल्या, नवा काटा आला, छापील कार्डं आली. मी कोठीत आलो. दाराच्या फटीतून मला नवी कार्डं दिसतात. छपाई सुंदर आहे. रकाने दोनच आहेत.

मित्रांनो, माझा गंज घासा, मला तेल द्या, असं काही मी मागणार नाही. माझे दिवस झाले. पण तुमच्या घरी उद्या लहान बाळ येईल. त्याला काट्यावर न्याल तेव्हा त्याच्या अंगावरचं सगळं उतरवून ठेवा. काटा खोटं बोलत नाही, पण त्याला बाळही कळत नाही. ते जिला कळतं, ती तिथंच शेजारी उभी असते, ओठ सुकलेली, कान बांधलेली. आकडा वाचायच्या आधी तिला तेवढं विचारा.