सतरा खान्यांची यादी

ताराचंदला जगात एकच गोष्ट सहन होत नसे: मिसळ-भेसळ. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये तीस वर्षं तांदळाची प्रत ठरवून त्याची नजरच तशी झाली होती. मूठभर तांदूळ तळहातावर घेतला की अख्खा किती, तुकडा किती, कणी किती, हे तो उभ्या उभ्या सांगे. मिल सोडून बपेऱ्याला घरी येऊन बसला, तेव्हा हातात तांदूळ उरला नाही, म्हणून त्यानं माणसं निवडायला घेतली. समोरचा नंदलाल तुकडा. पलीकडच्या आळीतला पोलीस पाटील पोचट, वरून धान आणि आत हवा. बायको ललिताबाई अख्खी, पण खडा असलेली. हे तो तिच्या तोंडावर म्हणे, आणि मग दिवसभर तो खडा त्याच्याच दाताखाली येई.

मुलीचं, उर्वशीचं, लग्न नाकाडोंगरीला ठरलं आणि ताराचंदच्या या प्रतवारीला ऊत आला. गावात आवतनाचे मुळात तीनच प्रकार. चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही, झाडून सगळ्यांनी यायचं. घरटी एक, म्हणजे एकानंच यायचं. आणि अक्षदेपुरतं, म्हणजे तांदूळ टाका आणि वाटेला लागा. एवढ्यावर वाडवडिलांनी शेकडो लग्नं उरकली. ताराचंदनं तीन दिवस वही घेऊन बसून सतरा खाने पाडले. ‘चूलबंद, पण आग्रह नको.’ ‘घरटी एक, पण तो एक आपण सांगू तो.’ ‘घरटी एक, जेवणारा दांडगा, दोन धरणे.’ ‘अक्षदेपुरतं, पण पंगतीत बसलेच तर उठवू नये.’

“लगन होय का धानाची खरेदी?” ललिताबाईनं विचारलं.

“तुले नाही समजत. प्रत लावली का गोंधळ होत नाही.”

सगळं गाव खान्यांत बसलं. अडला तो एका नावावर. सोमाजी, त्याचा सख्खा मोठा भाऊ. एकाच अंगणात मधे भिंत, आणि भिंतीपलीकडे तो. सहा वर्षांपूर्वी बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाण्याची पाळी कोणाची, यावरून दोघं भांडले, तेव्हापासून बोलणं बंद. आता चूलबंद लिहावं तर नाक खाली येतं. घरटी एक लिहावं तर सख्ख्या भावाला तोंड कसं दाखवायचं? आणि अक्षदेपुरतं लिहायला हातच धजेना.

“बाबा, मोठेबाबा आले नाही तं मी बोहल्यावर चढत नाही,” उर्वशीनं सांगून टाकलं. “त्याईच्या खांद्यावर बसून मी मंडईची जत्रा पाह्यली. तुमी तवा मिलमध्ये तांदूळ पाहून राहिले होते.”

ताराचंदनं ते नाव लिहिलंच नाही. मग पाहू, म्हणाला.

यादीचा फोटो पत्रिका छापणाऱ्या अंकुरला धाडायचा होता. तो गेला गावाच्या ग्रुपवर. चूक कळताच ताराचंदला घाम फुटला. त्यानं घाईघाईनं ‘माझ्यासाठी हटवा’वर बोट दाबलं, फोटो डोळ्यांसमोरून गेला, आणि तो समाधानानं चहा प्यायला. त्याच्या एकट्याच्या फोनमधून फोटो गेला होता. बाकी गावाकडे तो होताच.

तासाभरात नंदलाल दारात उभा. “काहून गा ताराचंद, मी जेवणारा दांडगा? आता येतोच, अन् तीन धर!” पानठेल्यावर तर लोक एकमेकांना खान्यानंच हाका मारू लागले. “ये गा आग्रह नको!” “बस, बस, तुले कोणी उठवत नाही!” गाव रागावण्यापेक्षा हसण्यातच जास्त रंगलं, आणि हे ताराचंदला शिव्यांहून जास्त लागलं.

पण संध्याकाळी भिंतीपलीकडून सोमाजीच्या बायकोच्या, रुखमावहिनीच्या, रडण्याचा आवाज आला. उर्वशीनं बापाकडे पाहिलं आणि ताट सरकवून उठली. सतरा खाने केले आणि भावाला एकही नाही, हे तोपर्यंत ताराचंदला केवळ अडचण वाटत होतं. आता त्याची त्यालाच लाज वाटली.

आवतनाचे हळद-तांदूळ वाटीत घेऊन तो सहा वर्षांनी पलीकडच्या दाराशी गेला. सोमाजी खाटेवर फोन डोळ्यांशी धरून बसला होता. फोनमध्ये यादीच होती.

“दादा,” ताराचंद म्हणाला, आणि उंबऱ्याशीच थांबला.

“बस,” सोमाजी म्हणाला. “सकाळपासून चार खेप वाचली. पूरं गाव आहे हिच्यात. मेलेला गणपत बी आहे.”

“थो चुकून लिवला.”

“दोनच नावं नाही. एक माह्यं.” सोमाजीनं चष्मा काढला. “अन् एक तुह्यं. मी रुखमाले म्हटलं, रडतं कायले? आवतन पाहुण्याईले देतेत. घरच्याईले कोण देते?”

ताराचंदनं वाटी घट्ट धरली. खरं काय ते ओठांवर आलं होतं. माणसाची प्रत ओळखण्यात आयुष्य घालवलेल्या त्या गड्याला, आपण स्वतः कणी आहोत, हे त्या क्षणी पुरतं दिसलं. ते त्यानं गिळलं.

“हो,” तो म्हणाला. “तसंच होतं थे.”

सोमाजीनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. हसला मात्र नाही, हा त्याचा मोठेपणा.

आतून डोळे पुसत रुखमावहिनी आली. “तं मंग भाऊजी, लगनाच्या दिवशी आमची चूल बंद का चालू?”

“चालू, वयनी,” ताराचंद म्हणाला. “पाहुण्याईचा सैपाक तुमच्याच अंगणात होईन. भिंत पाडतो मी सकाळी.”