नकाशावर न उमटलेलं तळं

"तुमचं तळं नकाशावर पांढरंच आहे," इमोजेन म्हणाली. विद्यापीठातून आलेली ही मुलगी बोलायला गोड होती. लोकांनी सोशल मीडियावर टाकलेले फोटो गोळा करून टास्मानियात माणसं निसर्गात कुठं रमतात, ते तिनं शोधलं होतं. फोटो तिथं लाल ठिपका. धबधब्याला तर गोवर उठला होता. "पाच वर्षांत एकही फोटो नाही. म्हणजे तिथं कुणी जात नाही."

गावच्या हॉलमध्ये जमलेल्या आम्हा सगळ्यांना खरं कारण ठाऊक होतं. होबार्ट शहरातली गर्दी लोटू नये म्हणून तळ्याचा फोटो कुठंही टाकायचा नाही, हा आमच्या गावाचा नियम. तो सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवणारा मर्व्ह टकवेल माझ्या शेजारीच बसला होता. गेल्या ईस्टरला त्यानं स्वतःच्या सुनेला फोटो पुसायला लावला, तर ती महिनाभर त्याच्याशी बोलली नाही.

"अगं पोरी, माझी बायको जाते की दर रविवारी," मर्व्ह उठून म्हणाला. "वॉकर घेऊन. फळ्यांचा रस्ता आहे म्हणून जमतं नोरीनला."

"खरं असेल, मर्व्ह. पण आकड्यांत त्या दिसत नाहीत ना."

दलदलीवरच्या त्या फळ्या एकतीस वर्षं पार्क खात्याच्या नोकरीत मर्व्हच बदलत आला, मी त्याच्या हाताखाली. तो नकाशा बघून पार्कवाल्यांनी तिथली डागडुजी बंद केली आणि कुणी पडून भानगड नको म्हणून फळ्या उखडायला आम्हालाच धाडलं. मला संताप आला होता. पोरीचा, पार्कवाल्यांचा आणि मर्व्हचाही.

"एक फोटो टाकू दिला असतास तर काय बिघडलं असतं रे?" फळ्या उखडताना मी त्याला म्हणालो.

"तळ्याची जत्रा झाली असती," तो खिळा उपसत म्हणाला. पुढच्या फळीला हात घालत म्हणाला, "पण नोरीनला जाता आलं असतं."

पुढच्या रविवारी त्याची गाडी तळ्याच्या वाटेवरच्या फाटकाशी उभी दिसली, म्हणून मी थांबलो. नोरीन आत बसलेली. मर्व्ह झुडपांतून परत आला, तशी तिनं काच खाली केली.

"हंस किती होते रे?"

"अकरा. एका जोडीमागं पिल्लं."

ती डोळे मिटून ऐकत राहिली. आता गुडघाभर चिखल तुडवल्याशिवाय तळं दिसत नाही. मर्व्हचे बूट कोरडे होते. मी बघतोय हे त्यानं पाहिलं.

"तूही काल मोजलेस ना?" त्यानं मला विचारलं.

"हो," मी म्हणालो. "अकराच."