बनुबाईच्या मनगटावरचा डाग

कुंडल गावातली निम्मी पोरं बनुबाईच्या हातात जन्माला आली होती. नवरा तरणाताठा गेला, मूलबाळ नाही. तेव्हा सासूनं तिला सुईणपण शिकवलं आणि त्यावरच ती गावात ताठ मानेनं जगली. डाव्या मनगटाच्या आतल्या अंगाला तो काळा डाग पहिल्यांदा दिसला, तेव्हा तिनं तो पदरानं घासला. बिब्ब्याचं तेल लागलं असेल, असं स्वतःला सांगितलं. डाग निघाला नाही.

पुढं तो मधूनच लाल व्हायचा, चुरचुरायचा आणि शांत झाला की आधीपेक्षा काळा होऊन बसायचा. एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. कुणाचं बाळंतपण उरकून आलं की दुसऱ्या दिवशी डाग उठलेला असायचा. बाळंतिणीची बाधा आपल्याला होते, की आपल्या हाताची त्या कोवळ्या जिवाला?

महारोग हा शब्द ती मनातसुद्धा उच्चारत नव्हती. माहेरी, ओढ्यापलीकडं खोपटात एकटा राहणारा म्हातारा तिनं लहानपणी पाहिला होता. लोक त्याला भाकरी लांबून टाकायचे.

मग एक दिवस मुक्ताबाईच्या गरवार सुनेचं पोट बघताना बांगड्या वर सरकल्या. मुक्ताबाईची नजर मनगटावर गेली आणि तिथंच थांबली. दुसऱ्या दिवशी निरोप आला की सुनेला बाळंतपणाला विट्याला आईकडं धाडायचं ठरलंय. तिचं पहिलं बाळंतपण बनुबाईनंच केलं होतं.

त्या दिवसापासून बनुबाई घराबाहेर पडेना. तिचा दीर जोतीराम पाकिस्तानच्या लढाईनंतर पलटणीतून पेन्शनीवर आला होता. जेवताना तो म्हणाला, "वैनी, वाढताना हात पदराखाली का घालताय? दावा बघू."

तिनं दाखवला. त्यानं बराच वेळ बघितला.

"उद्या सांगलीला जायाचं. कातडीचा डॉक्टर हाय तिथं."

"आन् त्यानं तेच सांगितलं तर?"

"तर सांगू दे की. घरात बसून बरं हुतंय व्हय?"

सांगलीच्या दवाखान्यात बाकावर बसताना तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले. नंबर आला तेव्हा जोतीराम तिला घेऊन आत गेला. डॉक्टर चष्म्याचे, सावकाश बोलणारे होते. त्यांनी मनगट उजेडात धरलं.

"मावशी, डोळे मिटा. कापसानं शिवेन. कळलं की 'हां' म्हणायचं."

तिनं डोळे मिटले. काहीच कळेना. कळत कसं नाही? हात मेला की काय? डोळ्यांतून पाणी आलं.

"डॉक्टर, मला कायबी कळंना."

"अहो, मी अजून शिवलोच नाही," डॉक्टर म्हणाले.

मग कापूस लागला. "हां," ती म्हणाली. मग सुईचं टोक, मग गरम पाण्याची नळी, मग गारढोण नळी. डागावर, डागाबाहेर, सगळीकडं तिला कळत होतं. डॉक्टरांनी कोपरापाशी शीर चाचपली, बोटं ताणून पाहिली, कानाच्या पाळ्या पाहिल्या.

"तुम्हाला वाटतंय तो रोग हा नाही."

तिचा विश्वास बसेना. "मग बाळंतपण केलं की का उठतंय ह्ये?"

डॉक्टरांनी उलट विचारलं, "बाळंतपण करून आल्यावर तुम्ही काय करता?"

"काय करणार? रातभर जागरान, डोस्कं फुटतंया. अंघुळ करती, गोळी घेती, झोपती."

"कसली गोळी?"

"भावजी आणत्यात ती. डोस्क्याची."

जोतीरामनं खिशातून पुडी काढली. वहिनीला त्रास नको म्हणून तो विट्यातून आठवणीनं गोळ्या आणायचा आणि एखादी खिशात बाळगायचा. डॉक्टरांनी गोळी उलटसुलट करून पाहिली.

"काही लोकांच्या अंगाला एखादं औषध सोसत नाही. घेतलं की दर वेळी त्याच जागी कातडी भाजल्यासारखी उठते आणि काळा डाग राहतो. मला हेच दिसतंय. ही गोळी पुन्हा कधी घ्यायची नाही. डाग हळूहळू फिका होईल, कदाचित पुरता जाणारही नाही. पण तो कुणाला लागत नाही."

परतीच्या एस.टी.त जोतीरामला राहवलं नाही. "मीच दिलं की वो तुमाला," तो म्हणाला.

"माझं डोस्कं थांबावं म्हणून दिलं. गप बसा."

गावात आल्यावर ती मुक्ताबाईकडं गेली आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मुक्ताबाईनं चहा दिला. "डॉक्टर म्हणतोय तर खरंच आसंल. पर आता विट्याचं ठरलंया," असं म्हणून ती चुलीकडं वळली. बनुबाई चहा पिऊन घरी आली. त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. डागाला रोज उजेडात बघायची तिला सवयच लागली. डॉक्टरांचा अंदाज चुकला असेल तर?

सुगी सरत आली तेव्हा एका दुपारी बिराप्पा नावाचा धनगर धापा टाकत दारात आला. मळ्यात खतासाठी त्याची मेंढरं बसवली होती आणि बायको अडली होती.

"मावशी, चला लवकर."

बनुबाई उठली, पण उंबऱ्यातच थांबली. तिनं बांगड्या वर सारल्या. "आदी ह्ये बघ. लोक भित्यात ह्याला."

बिराप्पानं वाकून बघितलं. "दुखतंया व्हय?"

"न्हाई."

"मग चला की."

पोर पायाळू होतं, बनुबाईचा कस लागला. दिवस मावळता मावळता मुलगी झाली आणि रडली. घरी आली तेव्हा कपाळ ठणकत होतं. तिनं गोळी न घेता ओला फडका बांधला, कूस बदलत रात्र काढली आणि सकाळी दार उघडून मनगट उन्हात धरलं. धरण्याआधी क्षणभर डोळे मिटले.

डाग होता तिथंच होता. पण लाली नव्हती, आग नव्हती. कडेनं थोडा उजळल्यासारखाही वाटला. तिनं जोतीरामला हाक मारून दाखवला. मग पदर खोचला आणि पोरीला न्हाऊ घालायला मळ्याच्या वाटेला लागली.