सार्जंटचा भाला

रविवारच्या प्रार्थनेत माझ्या वडिलांचं नाव वाचलं जाणार नव्हतं. लढाईत मेलेल्या कंपनीतल्या अकरा जणांची यादी पाद्रीबुवांकडे आली, तिच्यात ते, सार्जंट एरहार्ड, नव्हते. त्यांचं प्रेत मिळालं नाही आणि भालाही मिळाला नाही, असं सांगण्यात आलं. आमच्या जर्मन हेसन संस्थानच्या पलटणीत भाला टाकून देणाऱ्या सार्जंटला पळालेला धरतात.

हे सांगायला योब्स्ट आला. तीन हिवाळे तो वडिलांच्या हाताखाली कॉर्पोरल होता. आमच्या चुलीपाशी बसून त्यानं कोबीचं सार ओरपलं होतं. आता तोच सार्जंट झाला होता. हातात भाला होता, टोकाखाली कुऱ्हाडीचं पातं असलेला.

"फळी फुटली तसा म्हातारा झाडीकडे..." तो थांबला. "जाऊ दे, ओटिली. बिअर आहे का?"

मी बिअर दिली. दार उघडंच ठेवलं. समोर विहिरीवर बायका होत्या. भाला भिंतीला टेकवून तो त्याच्याकडे तोंड करून बसला.

"नवा दिसतो," मी म्हणाले.

"कोठारातला आहे. भाल्याला बघतेस की मला?"

"तुम्हाला तीन वर्षं बघतेच आहे."

तो जरा जास्तच वेळ हसला.

मी जवसाचं तेल आणि फडकं घेतलं. "शनिवार आहे. पुसून देते."

"राहू दे गं."

"कोठारातलं लाकूड कोरडं असतं."

दांड्यावरचं नाव तासलेलं होतं. त्याचं काही नाही, जुने भाले तासूनच देतात. पण त्याखाली चार बोटं रुंदीचा फिकट पट्टा होता. थंडीनं वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. पकड सुटू नये म्हणून ते तिथे चामडं गुंडाळत. सहा वर्षं दर शनिवारी मी त्या चामड्याच्या वर आणि खाली तेल लावलं होतं.

"धरून दाखवा."

त्यानं धरला. हात पट्ट्याच्या वीतभर वर पडला.

"चामडं कुठे टाकलंत, योब्स्ट?"

त्यानं विहिरीवरच्या बायकांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "म्हातारा पळाला नाही. भाला आडवा धरून आमच्या पाठीशी उभा होता, मागं सरकू देईना. आम्ही त्याला तुडवून पळालो. पण सार्जंटच आधी पळाला म्हटलं की शिपायांना शिक्षा नाही."

"आणि भाला?"

"संध्याकाळी परत गेलो. हातातून सोडवावा लागला."

"तेव्हा ते जिवंत होते?"

"बिअर संपली," तो म्हणाला.

मी भाला त्याच्या हातातून काढून घेतला आणि चुलीमागे उभा केला. "हे पाद्रीबुवांना आणि कॅप्टनला सांगून या, मग न्या. नाहीतर रिकाम्या हातानं छावणीत जा. भाल्याविना आलेल्या सार्जंटला काय म्हणतात, ते तुम्हीच मला शिकवलंत."

रविवारी बारा नावं वाचली गेली. योब्स्ट भाला घेऊन दारापाशी ताठ उभा होता. बाहेर पडताना मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, "तेव्हा ते जिवंत होते?" त्यानं भाला एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि मला वाट करून दिली.